पाण्यातले अदृश्य सेवक

(नदी, तलाव व विहीर यांच्या पाण्यात असंख्य जिवाणू राहतात आणि पाणी शुद्ध ठेवण्याचे काम करतात. आज अनेक वस्तूंत धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण वापरले जातात. हे कण पाण्यात गेले, तर या उपयोगी जिवाणूंवर काय परिणाम होतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)



'जिवाणू' हा शब्द ऐकला की तुम्हांला काय आठवते? ताप, पटकी, दवाखाना आणि कडू औषध, होय ना? काही जिवाणू रोग पसरवतात, हे खरे आहे. पण मोहल्ल्यातली दोनचार मुले खोडकर असली, म्हणून सारा मोहल्ला वाईट ठरत नाही. जिवाणूंचेही तसेच आहे. त्यांच्यातले बहुतेक निरुपद्रवी आहेत आणि कितीतरी जिवाणूंवाचून आपले एक दिवसही चालणार नाही.

एखादे तळे डोळ्यांसमोर आणा. काठावरचे झाड त्यात रोज पाने गाळते. पाण्यात मासे मरतात, किडे मरतात. गुरे पाण्यात उतरतात. वर्षानुवर्षे हे चालू असते. तरीही तळे कुजक्या पानांनी आणि मेलेल्या प्राण्यांनी भरून जात नाही. असे का होते? कारण तळ्यात सफाईचे काम करणारे सेवक रात्रंदिवस राबत असतात. ते आपल्याला दिसत नाहीत. तळ्याच्या एक मिलिलीटर पाण्यात, म्हणजे सुमारे वीस थेंबांत, साधारण दहा लाख जिवाणू असू शकतात! ते कुजणाऱ्या पदार्थांचे विघटन करतात आणि त्यांतील द्रव्ये वनस्पतींना पुन्हा मिळवून देतात.

या सेवकांची कामे वाटून घेतलेली असतात. माशांनी बाहेर टाकलेल्या द्रव्यांतून आणि कुजणाऱ्या पदार्थांतून अमोनिया तयार होतो. अमोनिया वाढला तर मासे मरतात. परंतु नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पाणवनस्पतींचे अन्न होते. घर बांधताना मजूर रांगेत उभे राहून घमेली एकमेकांच्या हाती देतात, तसेच हे काम आहे. रांगेतला एक मजूर खाली बसला, की सारे काम अडते.

माणसाने या सेवकांना आपल्याही कामाला लावले आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. त्यामुळे जिवाणू भराभर वाढले आणि सांडपाणी लवकर शुद्ध झाले. ही पद्धत त्यांनी १९१४ साली जाहीर केली. आजही जगातील असंख्य शहरांचे सांडपाणी याच पद्धतीने शुद्ध केले जाते. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातील खरे कामगार जिवाणूच आहेत.

आता या सेवकांसमोर एक नवे संकट आले आहे. ते समजून घेण्यासाठी आधी 'ऑक्साइड' म्हणजे काय, हे पाहू.

लोखंडाचा खिळा पावसात पडून राहिला की त्याला तांबूस गंज चढतो. लोखंडाचा हवेतील ऑक्सिजनशी व पाण्याशी संयोग होऊन तो गंज बनतो. गंज हे लोखंडाचे ऑक्साइड आहे. जस्त, तांबे, टायटेनियम, ॲल्युमिनियम या धातूंचीही ऑक्साइडे असतात. त्यांतली काही फार उपयोगी आहेत. टायटेनियम डायऑक्साइड ही पांढरीशुभ्र पूड आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगाला शुभ्रपणा येतो तो तिच्यामुळे. जस्ताचे ऑक्साइड त्वचेच्या मलमांत घालतात. तांब्याचे ऑक्साइड जहाजांच्या तळाला देण्याच्या रंगात असते. त्यामुळे तळाला शेवाळ व शंख-शिंपले चिकटत नाहीत.

मग नवीन काय घडले? ही ऑक्साइडे जुनीच आहेत, पण आता त्यांचे अतिशय बारीक कण बनवता येऊ लागले आहेत. त्यांना नॅनोकण म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपल्या डोक्याचा केस सुमारे ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण मात्र १ ते १०० नॅनोमीटर एवढाच असतो. आतड्यात राहणाऱ्या एका नेहमीच्या जिवाणूची लांबी सुमारे २,००० नॅनोमीटर असते. हा जिवाणू खाटेएवढा मोठा झाला अशी कल्पना करा. त्याच प्रमाणात २० नॅनोमीटरचा कण फुगवला, तर तो तुमच्या खिशातल्या गोटीएवढा होईल!

एवढे बारीक कण कशासाठी हवेत? एक उदाहरण पाहा. उन्हातील अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करणारी मलमे बाजारात मिळतात. त्यांत टायटेनियमचे किंवा जस्ताचे ऑक्साइड असते. कण मोठे असतील तर चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा दिसतो. कण नॅनो आकाराचे असतील तर ते अतिनील किरणे अडवतात, पण डोळ्यांना मात्र दिसत नाहीत. अशाच वेगवेगळ्या कारणांसाठी हे कण रंगांत, कापडांत आणि इतर अनेक वस्तूंत घातले जातात.

वस्तूंतले हे कण पाण्यापर्यंत पोचतात. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी घरांच्या रंगवलेल्या भिंतींवरून वाहणारे पावसाचे पाणी तपासले. त्या पाण्याबरोबर टायटेनियम डायऑक्साइडचे नॅनोकण ओढ्यात जात असल्याचे त्यांना आढळले. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात 'जुनी डॅन्यूब' नावाचा जलाशय आहे. उन्हाळ्यात लोक तेथे पोहायला येतात. या जलाशयाची वर्षभर पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पोहण्याच्या हंगामात लोकांच्या अंगावरील मलमांतले टायटेनियम डायऑक्साइड पाण्यात उतरते, असे त्या पाहणीत दिसले. पाण्यातील टायटेनियमपैकी बराच मोठा भाग मातीतून आलेला, म्हणजे नैसर्गिक होता, हेही त्याच पाहणीतून कळले.

आता मुख्य प्रश्न असा की, तेच ऑक्साइड बारीक झाल्याने असा काय फरक पडतो? खडीसाखरेचा एक खडा पाण्यात टाका आणि तेवढ्याच वजनाची पिठीसाखर दुसऱ्या पेल्यात टाका. पिठीसाखर आधी विरघळते. कारण तिचा जास्त पृष्ठभाग पाण्याला भिडतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांच्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर होते! पदार्थ तेवढाच राहिला, पण त्याचा पृष्ठभाग जवळजवळ फुटबॉलच्या मैदानाएवढा झाला. रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्यामुळे नॅनोकण अधिक चपळपणे क्रिया करतात.

हे कण जिवाणूंना मुख्यत: तीन मार्गांनी इजा करतात.

पहिला मार्ग विरघळण्याचा. हा समजण्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको, स्वयंपाकघरात गेले तरी पुरे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई लावण्याची पद्धत तुम्ही ऐकली असेल. उर्दूत जिला 'कलई' म्हणतात, तीच मराठीतली कल्हई. ती कशासाठी लावतात? कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर आंबटपणामुळे तांबे त्यात उतरते. पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याला बाधतो. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो तांब्याला आणि अन्नाला एकमेकांपासून दूर ठेवतो. नॅनोकणांना अशी कल्हई नसते. जस्ताच्या व तांब्याच्या ऑक्साइडांचे कण पाण्यात थोडेथोडे विरघळतात आणि त्यांतून धातूचे आयन बाहेर पडतात. हे आयन जिवाणूच्या पेशीत शिरून तिची कामे बिघडवतात. तसे पाहिले तर जिवाणूंना जगण्यासाठी जस्त लागते, पण ते अगदी थोडे. डाळीत चिमूटभर मीठ हवेच असते, मूठभर पडले तर मात्र डाळ टाकून द्यावी लागते.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. टायटेनियम डायऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण त्याच्यावर अतिनील किरणे पडली की ते क्रियाशील होते. या गुणाचा उपयोग करून अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून दाखवले. त्यांचा हा शोध १९७२ साली प्रसिद्ध झाला. याच क्रियेमुळे पाण्यात ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. ती जिवाणूच्या पेशीपटलाला, प्रथिनांना आणि डीएनएला इजा करतात. उन्हाने कापडाचा रंग उडतो आणि धागा विरतो, तसेच काहीसे पेशीच्या बाबतीत घडते.

तिसरा मार्ग चिकटण्याचा. कण जिवाणूच्या अंगाला सर्व बाजूंनी चिकटतात. त्यामुळे त्याच्या पेशीपटलाला छिद्रे पडू शकतात आणि आतील द्रव बाहेर झिरपू लागतो.

शास्त्रज्ञांनी हे सारे प्रयोग करून तपासले आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठात दोन जातींच्या जिवाणूंवर टायटेनियम डायऑक्साइड, सिलिका आणि जस्ताचे ऑक्साइड यांची तुलना करण्यात आली. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात जस्ताचे ऑक्साइड सर्वांत घातक ठरले, त्यानंतर टायटेनियम डायऑक्साइड आणि शेवटी सिलिका. सिलिका हा धातूचा नव्हे तर वाळूतील पदार्थ आहे. कणांचा परिणाम अंधारातही दिसला. म्हणजे केवळ प्रकाशच कारणीभूत नव्हता.

एस्टोनिया देशातील टॅलिन शहरात झालेला प्रयोग फार मनोरंजक आहे. समुद्रात राहणारा एक जिवाणू स्वत: प्रकाश देतो. तो आजारी पडला की त्याचा प्रकाश मंद होतो. त्यामुळे विषारीपणा मोजण्यासाठी जगभर त्याचा उपयोग करतात. प्रकाश निम्मा होण्यासाठी तांब्याच्या ऑक्साइडची साधी पूड दर लीटर पाण्यात सुमारे ३,८०० मिलिग्रॅम घालावी लागली. नॅनोकण मात्र सुमारे ८० मिलिग्रॅमच पुरले! जस्ताच्या बाबतीत निराळेच घडले. त्याची साधी पूड आणि नॅनोकण हे दोन्ही सारखेच घातक ठरले. सुमारे २ मिलिग्रॅममध्येच प्रकाश निम्मा झाला. टायटेनियम डायऑक्साइडचा मात्र काहीच विषारी परिणाम दिसला नाही.

याचे कारण शोधण्यासाठी त्यांनी दुसरे खास जिवाणू वापरले. पाण्यात जस्ताचे किंवा तांब्याचे आयन विरघळलेले असतील, तर ते जिवाणू चमकतात. जणू ते हेरच! या हेरांनी खबर दिली की मुख्य दोष विरघळलेल्या आयनांचा आहे. तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकण साध्या पुडीपेक्षा जास्त विरघळत होते, म्हणून ते अधिक घातक ठरले. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. तमिळनाडूतील वेल्लूर येथील शास्त्रज्ञांनी गोड्या पाण्याच्या तलावातून एक जिवाणू वेगळा केला आणि त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या नॅनोकणांचा परिणाम पाहिला. दर लीटरला एक मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही काही जिवाणू मेल्याचे त्यांना आढळले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी टायटेनियम डायऑक्साइडचा परिणाम उजेडात आणि अंधारात तपासला. टॅलिनच्या प्रयोगात निरुपद्रवी वाटलेला हा पदार्थ येथे दोन्ही ठिकाणी जिवाणूंना इजा करताना दिसला. म्हणून एका प्रयोगावरून घाईने निष्कर्ष काढू नये. जिवाणूची जात, पाण्याचा प्रकार, प्रकाश आणि वेळ बदलली की उत्तरही बदलते.

प्रयोगशाळेतील पेला आणि वाहती नदी यांतही फरक आहे. नदीच्या पाण्यात क्षार असतात. त्यांच्यामुळे नॅनोकण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि ते तळाशी बसतात. कुजलेल्या पानांतील द्रव्ये कणांवर आणि आयनांवर पांघरूण घालतात. एस्टोनियातील शास्त्रज्ञांनी नद्यांचे पाणी आणून पाणपिसवांवर प्रयोग केले. शुद्ध पाण्यापेक्षा नदीच्या पाण्यात तांब्याच्या ऑक्साइडचा विषारीपणा कमी झाला. जस्ताच्या ऑक्साइडचा मात्र फारसा कमी झाला नाही. म्हणजे निसर्ग काही विषे सौम्य करतो, पण सर्व विषे नाही.

मग धोका कोठे आहे? एक तर सांडपाण्यात हे कण एकवटतात. शुद्धीकरण केंद्रात त्यांचा बराचसा भाग गाळात अडकतो. त्याच गाळात आपले सेवक जिवाणू राबत असतात. अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू सावकाश वाढतात. ते एकदा मेले की त्यांची जागा लवकर भरून निघत नाही. दुसरे असे की, जिवाणूंना खाऊन सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांना खाऊन पाणपिसवा, पाणपिसवांना खाऊन लहान मासे आणि लहान माशांना खाऊन मोठे मासे. पाया खचला तर वरचे मजले कसे टिकतील?

याचा अर्थ नॅनोकण टाकाऊ आहेत, असा मात्र नाही. जो गुण नदीत घातक ठरतो, तोच दवाखान्यात उपकारक ठरू शकतो. रोगजंतूंचा नाश करण्यासाठी आणि दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी या कणांचा उपयोग करता येतो. चाकूने फळ कापता येते आणि बोटही कापते. प्रश्न चाकूचा नसतो, तो धरणाऱ्या हाताचा असतो.

म्हणूनच जगभर काळजी घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने व रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग या संस्थेने २००४ साली एक अहवाल दिला. अधिक माहिती मिळेपर्यंत हे कण पर्यावरणात सोडणे शक्य तेवढे टाळावे, असे त्यात सुचवले होते. युरोपीय संघात २०१३ सालापासून सौंदर्यप्रसाधनांतील घटकाचे कण नॅनो आकाराचे असल्यास वेष्टनावर त्या घटकापुढे 'नॅनो' असे लिहावे लागते. शास्त्रज्ञ कमी घातक कण बनवण्याचाही प्रयत्न करत आहेत. जस्ताच्या ऑक्साइडमध्ये थोडे लोह मिसळले, तर ते पाण्यात कमी विरघळते. ही एका अर्थाने त्या कणाची कल्हईच नव्हे काय?

मित्रांनो, तुम्हीही काही गोष्टी करू शकता. घराला रंग दिल्यावर उरलेला रंग मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका. रंगाचे ब्रश नदीवर धुऊ नका. अंगाला लावण्याची मलमे गरजेपुरतीच वापरा. एखादी वस्तू 'जंतुनाशक' म्हणून विकली जात असेल, तर ती कोणते जंतू मारते आणि नंतर कोठे जाते, हा प्रश्न विचारायला शिका. तुमच्यापैकी एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या प्रयोगशाळेत बसून याच प्रश्नाचे उत्तर शोधील.

पुढच्या वेळी नदीच्या किंवा तळ्याच्या काठावर उभे राहाल, तेव्हा ओंजळभर पाणी हातात घ्या. त्या ओंजळीत कोट्यवधी सेवक असतील. ते मजुरी मागत नाहीत आणि कधी सुट्टीही घेत नाहीत. त्यांच्या वाटेत विष येऊ न देणे, एवढेच आपले काम आहे.

शब्दार्थ

अदृश्य – डोळ्यांना न दिसणारा. निरुपद्रवी – त्रास न देणारा. विघटन – मोठ्या पदार्थाचे साध्या घटकांत वेगळे होणे. घमेले – माती, वाळू वाहून नेण्याचे पसरट भांडे. पृष्ठभाग – वस्तूची बाहेरची बाजू. कथील – कल्हईसाठी वापरतात तो पांढरा धातू. कळकणे – भांड्यातील धातू उतरून पदार्थ खराब होणे. आयन – विद्युतभार असलेला कण. पेशीपटल – पेशीभोवतालचा पातळ पडदा. पाणपिसू – पाण्यात राहणारा पिसवेसारखा दिसणारा लहान जीव. हेर – गुप्त बातमी आणणारा. वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गंज हे कोणत्या धातूचे ऑक्साइड आहे?
(आ) नॅनोमीटर म्हणजे काय?
(इ) पिठीसाखर खडीसाखरेपेक्षा लवकर का विरघळते?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) नॅनोकण जिवाणूंना कोणत्या तीन मार्गांनी इजा करतात?
(आ) टॅलिनमधील शास्त्रज्ञांनी चमकणारे जिवाणू कशासाठी वापरले?
(इ) प्रयोगशाळेतील पाणी आणि नदीचे पाणी यांत कोणता फरक आहे?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) तांब्याच्या भांड्याला कल्हई लावतात.
(आ) एका प्रयोगावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

प्र. ४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत वापरले जातात. प्रत्येकाचा उपयोग करून मराठी वाक्य लिहा.
जस्त, मजूर, खबर, दवाखाना, मोहल्ला.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा शहरातील सांडपाणी कोठे जाते, याची माहिती मोठ्या माणसांकडून मिळवा आणि दहा ओळींत लिहा.